झाड हलले, तरी निकाल बदलला नाही

आपल्याकडे चमत्काराविषयी वाद सुरू झाला की तो बहुतेक वेळा एकाच प्रश्नाभोवती फिरतो: चमत्कार खरा की खोटा? श्रद्धाळू माणूस तो घडल्याचे साक्षीदार आणतो, विवेकवादी माणूस त्यामागची हातचलाखी उघडी पाडतो, आणि तो खरा ठरला तर करणाऱ्याचे म्हणणे मान्य करावे लागेल, हे मात्र दोघेही गृहीत धरून चालतात. भोंदूगिरीविरुद्ध महाराष्ट्रात ज्यांनी जिवावर उदार होऊन काम केले त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु या गृहीतकालाच हात घालणारी एक परंपरा आहे, ती पूर्णपणे आस्तिक आहे, आणि तिच्याकडून आपण पुष्कळ शिकावे असे मला मनापासून वाटते. ती परंपरा ज्यूंची.

बॅबिलोनियन तलमूद म्हणजे ज्यू धर्मनियमांवरच्या पंडितांच्या चर्चांचा ग्रंथ. त्याच्या ‘बावा मेत्सिया’ या भागात ५९व्या पानावर एक कथा येते. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर जमीनदोस्त केले, त्यानंतरच्या पिढ्यांतले हे पंडित. वादाचा विषय अगदी घरगुती आहे. मातीची भट्टी आडवी कापून तिच्या चकत्या केल्या आणि चकत्यांच्या मध्ये वाळू भरून ती पुन्हा उभी केली, तर अशा भट्टीला विटाळ होतो की नाही? रब्बी (म्हणजे धर्मपंडित) एलिएझर म्हणाले, होत नाही. बाकीचे सर्व म्हणाले, होतो. एलिएझरांनी त्या दिवशी होते नव्हते तेवढे सगळे युक्तिवाद मांडले आणि ते कोणी मान्य केले नाहीत. तेव्हा ते म्हणाले, नियम माझ्या बाजूने असेल तर हे कॅरोबचे झाड ते सिद्ध करील. आणि झाड मुळासकट उपटून शंभर हात दूर गेले, काहींच्या मते चारशे हात. पंडित म्हणाले, झाडावरून पुरावा देता येत नाही. मग पाण्याचा प्रवाह उलटा वाहू लागला, आणि पाण्यावरूनही पुरावा देता येत नाही असे उत्तर आले. मग अभ्यासगृहाच्या भिंती कलू लागल्या, तेव्हा रब्बी यहोशुआंनी भिंतींनाच दरडावले की पंडित आपापसांत वाद घालत असताना तुमचा त्यात काय संबंध? यहोशुआंचा मान राखून भिंती पडल्या नाहीत आणि एलिएझरांचा मान राखून सरळही झाल्या नाहीत. तलमूद सांगतो की त्या अजून तशाच कललेल्या उभ्या आहेत. शेवटी आकाशवाणी झाली की नियम एलिएझर म्हणतात तसाच आहे. यावर यहोशुआ उभे राहिले आणि तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाच्या पाचव्या पुस्तकातल्या तिसाव्या अध्यायातले शब्द उच्चारले, ‘ती स्वर्गात नाही.’ पुढे रब्बी यिर्मिया यांनी याचा अर्थ उलगडला: तोरा सिनाय पर्वतावर माणसांच्या हाती दिली गेली आहे, आता तिचा अर्थ माणसांनी वाचून, वाद घालून, बहुमताने ठरवायचा आहे; आकाशवाणीकडे आम्ही लक्ष देत नाही.

या कथेत झाड हलल्याची शंका कोणीच घेत नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हातचलाखी झाली, पाण्याला चर खणला होता, आवाज कोणीतरी भिंतीआडून काढला, असा संशय एकाही पंडिताच्या मनात येत नाही. चमत्कार त्यांना पूर्ण मान्य आहे. फक्त त्यावरून भट्टीविषयी काही सिद्ध होते हे त्यांना मान्य नाही. अदृश्य शक्तीवर विश्वास ठेवणे आणि तिच्या नावाने कोणी निकाल फिरवू पाहत असेल तर त्याला नकार देणे, या दोन्ही गोष्टी एकाच मनात सुखाने नांदू शकतात हे मला इथे प्रथम इतके स्वच्छ दिसले. पुढे एक पंडित प्रेषित एलियाला विचारतो की त्या वेळी देवाने काय केले, आणि एलिया सांगतो की देव हसला आणि म्हणाला, माझ्या मुलांनी मला हरवले.

ज्या वचनाच्या आधारे ‘बहुमताने ठरवावे’ असे म्हटले गेले ते तोराच्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात आहे, आणि ते सरळ वाचले तर दुष्कर्मासाठी बहुमताच्या मागे जाऊ नये असे बजावते. त्याच्या अखेरच्या काही शब्दांवर पंडितांनी एवढा मोठा नियम उभा केला. याला कोणी ओढाताण म्हणेल. मला मात्र त्यात धर्मग्रंथावरचा विलक्षण आपलेपणा दिसतो, कारण परक्याच्या वस्तूशी माणूस इतक्या हक्काने वागत नाही.

ही कथा सांगणारे बहुतेक जण देवाच्या हसण्यापाशी थांबतात, आणि तिथे थांबणे हा तलमूदवर अन्याय आहे असे माझे मत आहे. मूळ कथा पुढे जाते आणि अंधारत जाते. एलिएझरांनी शुद्ध ठरवलेल्या वस्तू आणून जाळल्या गेल्या आणि त्यांना बहिष्कृत करण्यात आले. ही बातमी त्यांना सांगायची कोणी? रब्बी अकिवा म्हणाले, मी जातो, कारण एखादा अयोग्य माणूस गेला तर जगाचा नाश ओढवेल. काळी वस्त्रे पांघरून ते एलिएझरांपासून चार हात दूर बसले. आज असे दूर का, असे विचारल्यावर अकिवा एवढेच म्हणाले, गुरुजी, मला वाटते की आपले सहकारी आपल्यापासून अंतर ठेवत आहेत. एलिएझरांनी आपली वस्त्रे फाडली, पायांतले काढले, जमिनीवर बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले, तेव्हा जगातले एक तृतीयांश ऑलिव्ह, एक तृतीयांश गहू आणि एक तृतीयांश जव करपून गेले.

एलिएझरांची पत्नी इम्मा शालोम ही पंडितांचे प्रमुख रब्बान गमलिएल यांची बहीण. त्या दिवसापासून तिने नवऱ्याला प्रार्थनेच्या अखेरीस जमिनीवर पालथे पडून गाऱ्हाणे घालू दिले नाही, कारण त्या दुखावलेल्या मनाचे गाऱ्हाणे देवापर्यंत पोहोचले तर आपल्या भावाचे काय होईल हे ती जाणून होती. एके दिवशी दाराशी भिकारी आला, ती त्याला भाकर द्यायला बाहेर गेली, आणि परत येऊन पाहते तो नवरा पालथा पडलेला. ऊठ, तू माझ्या भावाला मारलेस, असे ती म्हणाली, तोच गमलिएलांच्या घरून मृत्यूची शिंगे वाजली. तुला हे कसे कळले, असे एलिएझरांनी विचारले. ती म्हणाली, माझ्या आजोबांच्या घरची शिकवण आहे की सारी दारे बंद होतात, पण दुखावलेल्याच्या हाकेचे दार कधी बंद होत नाही.

ही सगळी कथा तलमूदमध्ये भट्टीच्या नियमांत येतच नाही. माणसाने माणसाला शब्दांनी दुखावण्याविषयीची जी चर्चा चालू आहे, तिच्यात ती येते. म्हणजे ज्या बहुमताने स्वर्गालाही मागे सारले, त्याच बहुमताचा हिशेब तलमूद पुढच्याच ओळींत मांडून ठेवतो. निर्णय बरोबर होता आणि वागणूक चुकीची होती, ही दोन्ही वाक्ये एकाच पानावर राहतात. आपल्या समाजमाध्यमांवरच्या वादांत बाजू बरोबर असली की शब्दांना मोकळे रान मिळते असे समजले जाते, त्या पार्श्वभूमीवर मला हे पान पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते.

इथेच एक खटकणारी गोष्ट सांगितली पाहिजे. जो मुलीला तोरा शिकवतो तो तिला जणू स्वैरपणाच शिकवतो, असे मत मिश्नात, म्हणजे तलमूदच्या गाभ्याशी असलेल्या नियमसंग्रहात, नोंदलेले आहे, आणि ते मत याच एलिएझरांचे आहे. त्याच ठिकाणी बेन अझाय यांचे उलट मतही आहे की मुलीला शिकवणे हे बापाचे कर्तव्यच आहे. पण शतकानुशतके वजन पडले ते एलिएझरांच्या बाजूला, आणि ज्यू स्त्रिया या अभ्यासापासून दूर राहिल्या. याचे समर्थन करता येत नाही आणि मला करायचेही नाही. परंतु या कथेतले सर्वांत खोल वाक्य त्यांच्याच घरातली स्त्री, आपल्या आजोळी नव्हे तर वडिलांच्या वंशात शिकलेले म्हणून, त्यांना ऐकवते, हे तलमूदने पुसून टाकले नाही.

मतभेद जपून ठेवण्याची ही सवय तलमूदच्या छापील पानावर डोळ्यांनी दिसते. मध्यभागी मिश्ना आणि तिच्यावरची चर्चा, आतल्या बाजूला अकराव्या शतकातल्या राशी यांचे भाष्य, बाहेरच्या बाजूला राशींना प्रश्न विचारणाऱ्या पुढच्या पिढ्यांचे भाष्य, ज्यांत त्यांचे स्वतःचे नातूही होते. व्हेनिसमध्ये १५२० ते १५२३ या काळात संपूर्ण तलमूद छापला गेला तेव्हा ही मांडणी रूढ झाली. नातू आजोबांशी असहमत आहे आणि दोघांचे म्हणणे एकाच पानावर समोरासमोर बसले आहे. आपल्याकडेही पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय सिद्धांत मांडू नये अशी शिस्त शास्त्रचर्चेत होती. ती घराघरांतल्या पोथीवाचनात मात्र उतरली नाही. पोथी सोवळ्यात राहिली, तिला फुले वाहिली गेली, आणि तिला प्रश्न विचारणे हा उद्धटपणा ठरला.

ज्यू घरात प्रश्न विचारणे हा विधीचा भाग आहे. पेसाह या सणाच्या रात्री जेवणाच्या ताटाभोवती निर्गमाची, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेची, कथा सांगायची, आणि ती सुरू होते धाकट्या मुलाच्या प्रश्नाने: ही रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? तलमूद सांगतो की मुलाला विचारता येत नसेल तर पत्नीने विचारावे. तीही नसेल तर माणसाने स्वतःलाच विचारावे. आणि सगळे नियम पाठ असलेले दोन विद्वान एकत्र असले तरी त्यांनी एकमेकांना प्रश्न विचारलाच पाहिजे. रब्बी योहानान यांचा अभ्यासातला सोबती रेश लाकिश वारला तेव्हा त्यांच्याकडे दुसरा एक विद्वान पाठवण्यात आला, जो त्यांच्या प्रत्येक विधानाला पुष्टी देणारा आधार काढून द्यायचा. योहानान कळवळून म्हणाले, माझे बरोबर आहे हे मला ठाऊक नाही का? तो लाकिशचा मुलगा माझ्या प्रत्येक वाक्यावर चोवीस हरकती घ्यायचा, मी चोवीस उत्तरे द्यायचो, आणि त्यातून विषय आपोआप उलगडत जायचा.

उत्तर न सापडल्यास काय करावे, याचे राशींनी घालून दिलेले उदाहरण मला अतिशय प्रिय आहे. तोराच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात रिबेकाचा उल्लेख ‘याकोब आणि एसाव यांची आई’ असा येतो, जे वाचकाला आधीपासून माहीत आहे. हे शब्द इथे कशासाठी? राशी लिहितात, हे आपल्याला काय शिकवते ते मला माहीत नाही. गप्प बसून पुढच्या ओळीवर जाणे त्यांना सहज शक्य होते. ते त्यांनी केले नाही; प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही, याची नोंद त्यांनी ठेवली, आणि नऊशे वर्षांहून अधिक काळ मुले ती नोंद भाष्याचा भाग म्हणून वाचत आली आहेत.

अदृश्याविषयीचा संयम याच वृत्तीतून येतो. मिश्ना स्पष्ट सांगते की वर काय, खाली काय, आधी काय होते आणि पुढे काय असेल, या चार गोष्टींत डोके घालणारा माणूस जन्मालाच आला नसता तर बरे झाले असते. मोशे देवाचे दर्शन मागतो तेव्हा त्याला पाठमोरे रूप दिसते, मुख दिसत नाही. इसवी सनापूर्वी ६३ साली रोमन सेनापती पाँपे यरुशलेमच्या मंदिराच्या परमपवित्र स्थानात शिरला, आणि तिथे कोणत्याही देवाची मूर्ती नव्हती, गाभारा रिकामा होता, असे टॅसिटस हा इतिहासकार लिहितो. बाराव्या शतकात ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांनी तर असे मांडले की देव कसा आहे हे माणसाला सांगताच येत नाही, तो कसा नाही एवढेच सांगता येते. अर्थात याच परंपरेत भुतेही आहेत. तलमूदमध्ये एके ठिकाणी अंथरुणाभोवती राख पसरावी, सकाळी तिच्यावर कोंबड्यासारखी पावले दिसतील, असेही लिहिले आहे. पुढे मायमोनिडीस यांनी असल्या समजुतींना थारा दिला नाही. मला इथे मायमोनिडीस जवळचे वाटतात.

या परंपरेची एक शाखा आपल्याच किनाऱ्यावर मराठी बोलत वाढली. रायगड जिल्ह्यातल्या माणसाला ‘शनवार तेली’ हे नाव नवे नाही. हे तेली म्हणजे बेने इस्राएल समाज, आणि त्या समाजाची आठवण सांगते की पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याजवळ ना तोराची गुंडाळी होती, ना तलमूद. राहिले ते शनिवारचा घाणा बंद ठेवणे, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, आणि ‘शेमा’ या प्रार्थनेची ओळ, जी ते प्रत्येक मंगल आणि अशुभ प्रसंगी म्हणत. सिनायपाशी लोकांनी ‘आम्ही करू आणि ऐकू’ असे वचन दिले होते, त्यात करणे आधी येते. कोकणातल्या या तेल्यांनी ते शब्द हाताशी नसतानाही पाळले. मुंबईत १७९६ मध्ये त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यासाठी पेसाहची कथा मराठीत छापली गेली, आणि पुण्याच्या १८७४च्या प्रतीतल्या चित्रांत साडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे यांचा मलिदा करून ते आजही ज्याला नवस बोलतात तो एलियाहू हन्नाबी म्हणजे देव हसल्याचे सांगणारा तोच एलिया. ग्रंथ हातात असताना त्याच्याशी वाद घालणारे आणि ग्रंथ हातात नसताना त्याचा दिवस पाळणारे, हे एकाच श्रद्धेचे लोक आहेत, आणि त्यांपैकी दुसरे आपले शेजारी होते, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवे होते असे मला तीव्रतेने वाटते.

ज्यांना मूळ कथा वाचायची असेल त्यांच्यासाठी सेफारिया या संकेतस्थळावर संपूर्ण बॅबिलोनियन तलमूद इंग्रजी भाषांतरासह मोफत उपलब्ध आहे. बावा मेत्सियाचे ५९वे पान थेट उघडण्याऐवजी ५८व्या पानाच्या मागच्या बाजूपासून सुरुवात करावी, कारण शब्दांनी दुखावण्याची चर्चा तिथून सुरू होते. आणि ज्याच्याशी आपले पटत नाही असा कोणी सोबत बसायला तयार असेल, तर त्याच्याबरोबर मोठ्याने वाचावे. हा ग्रंथ तसाच वाचण्याची रीत आहे.