आधी घोळ, मग फळा : टेनेसी टक्सीडो नावाच्या पेंग्विनबद्दल

मुलांसाठी विज्ञानाचं कार्टून करायला बसलेला माणूस पहिल्याच मिनिटात शिक्षक आणतो. ‘चला बालमित्रांनो, आज आपण तरफ म्हणजे काय ते पाहू या.’ निम्मी मुलं तिथेच उठतात. तरफ पाहायची कशासाठी, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. या एका बाबतीत १९६३ सालचं एक अमेरिकन कार्टून आजच्या बहुतेक यूट्यूब चॅनेलांच्या पुढे होतं असं माझं मत आहे. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘टेनेसी टक्सीडो अँड हिज टेल्स’. २८ सप्टेंबर १९६३ पासून सीबीएस वाहिनीवर. मेगालोपोलिस नावाच्या काल्पनिक शहरातलं प्राणिसंग्रहालय. तिथे टेनेसी हा बढाईखोर पेंग्विन आणि चम्ली हा थोराड, सावकाश बोलणारा वॉलरस. संग्रहालयाचा प्रमुख स्टॅन्ली लिव्हिंगस्टन (आफ्रिकेतल्या दोन प्रवाशांची नावं एकत्र केली आहेत, हा विनोद मुलांसाठी नाही, सोबत बसलेल्या आईबापांसाठी), त्याचा मदतनीस फ्लंकी. आणि गावात राहणारे प्रोफेसर फिनियस जे. वूपी, ज्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं. टेनेसीचा आवाज डॉन ॲडम्सचा. हेच ॲडम्स दोन वर्षांनी ‘गेट स्मार्ट’मधला गुप्तहेर म्हणून घराघरात पोचले. वूपींचा आवाज लॅरी स्टॉर्चचा, चम्लीचा ब्रॅडली बोल्कीचा. टेनेसीचे एकूण ७० भाग निघाले.

हे कार्टून कुणाच्या शिक्षणप्रेमातून जन्मलं, असा समज करून घेऊ नका. मे १९६१ मध्ये अमेरिकेच्या प्रसारण नियामक आयोगाचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांनी वाहिन्यांच्या मालकांसमोरच भाषण केलं आणि टीव्हीला ‘विस्तीर्ण ओसाड माळरान’ म्हटलं. परवान्यांचं नूतनीकरण आयोगाच्या हातात, त्यामुळे वाहिन्यांना मुलांच्या वेळेत काहीतरी ‘शिकवणारं’ दाखवणं सोयीचं झालं. टोटल टेलिव्हिजन ही निर्मिती कंपनी चालवणारी मंडळी जाहिरात क्षेत्रातून आलेली. प्रायोजक जनरल मिल्स, म्हणजे सकाळच्या नाश्त्याला दुधात घालून खायचे धान्याचे पोहे विकणारे. चित्रं रंगायची मेक्सिकोतल्या गॅमा स्टुडिओत, कारण तिथे काम स्वस्तात व्हायचं. मजा म्हणजे कार्यक्रम पडद्यावर आला तोवर मिनो पदावरून गेलेसुद्धा होते. तर धाक, जाहिरात आणि काटकसर या तिघांनी मिळून ही मालिका काढली. तरीही तिची बांधणी पक्की निघाली.

बहुतेक भागांचा सांगाडा एकच. प्राण्यांना काहीतरी हवं असतं किंवा कुठलंतरी काम अंगावर पडतं : टेलिफोन, पूल, वाफेचं इंजिन, शेताला पाणी. टेनेसी ‘टेनेसी टक्सीडो हरणार नाही’ अशी गर्जना करून, काही माहीत नसताना हात घालतो. बोजवारा उडतो. मग दोघं संग्रहालयातून गुपचूप सटकतात आणि वूपींकडे जातात. वूपी कपाट उघडतात, आत कोंबलेलं सगळं सामान अंगावर कोसळतं आणि त्यातून निघतो त्रिमितीय फळा, ‘थ्री डी बी बी’. त्यावर खडूने काढलेली चित्रं हलू लागतात. पाठ संपला की परत जाऊन दुसरा प्रयत्न, आणि पुष्कळदा नवा घोळ.

फळा येतो तेव्हा बघणाऱ्या मुलाच्या डोक्यात प्रश्न आधीच तयार असतो, तोही ‘मघाशी हे का फसलं?’ इतका नेमका. शिक्षकाला प्रस्तावनाच करावी लागत नाही. आणि शिकून झाल्यावरही पात्रं घसरतात, म्हणजे समजणं आणि जमणं यांतलं अंतर दिसतं. आजच्या शैक्षणिक व्हिडिओंत हा शेवटचा टप्पा उडवलेला असतो. पाठ झाला, टाळ्या झाल्या, गाणं लागलं.

आता हे करायचं कसं, ते तरफेवरूनच बघू. एक पेंग्विन, ६० किलोचा दगड, १४० सेंटीमीटरची पहार. टेकू दगडाच्या बाजूला २० सेंटीमीटरवर ठेवला तर पलीकडे १२० उरतात. १२० भागिले २० म्हणजे सहापट फायदा, म्हणून ६० किलोसाठी १० किलोचा जोर पुरे. (पहारीचं स्वतःचं वजन सध्या सोडून देऊ.) टेकू बरोबर मध्ये सरकवला की ७० ला ७०, फायदा एकपट, म्हणजे काहीच नाही, जोर ६० किलोचाच. इथपर्यंत प्रत्येक पुस्तकात असतं. विनोदी भाग यापुढे सुरू होतो. हम्बोल्ट जातीचा पेंग्विन चार-पाच किलोचा. त्याला १० किलोचा जोर लावता येत नाही, तो पहारीच्या टोकाला नुसता लोंबकळेल. पाच किलोच्या पेंग्विनला बारापट फायदा हवा, म्हणजे टेकू दगडापासून पावणेअकरा सेंटीमीटरवर. तिथे ठेवला तर दगड हलतो, पण पाच सेंटीमीटर उचलायला पहारीचं टोक ६० सेंटीमीटर खाली यावं लागतं, आणि टेकू बुटका असेल तर टोक त्याआधीच जमिनीला टेकतं. टेकू उंच करावा तर पेंग्विनचा पंखच पोचत नाही. माती भुसभुशीत असेल तर टेकू दगडासकट खाली रुततो, त्याखाली फरशी किंवा जाड फळी लागते. आणि कंटाळून वॉलरसने पहारीच्या टोकावर बसकण मारली तर? प्रौढ नर वॉलरस सहज एक टनाचा.

या परिच्छेदात पाच मिनिटांच्या भागाला पुरतील एवढे घोळ आहेत, आणि त्यातला एकही घोळ पात्रं मूर्ख आहेत म्हणून होत नाही. प्रत्येक वेळी पाठातली एकेक अट मोडली आहे. शैक्षणिक कार्टून लिहिणाऱ्याने धरून ठेवावा असा एकच नियम सांगायचा तर हाच : हसू यावं ते विसरलेल्या अटीमुळे, केळ्याच्या सालीमुळे नव्हे.

टेनेसी टक्सीडोने स्वतः हा नियम दर वेळी पाळला नाही, हेही सांगायला हवं. कित्येकदा फळ्यावरचा पाठ नीट होतो आणि मग शेवट धावपळीवर, आपटाआपटीवर उरकला जातो. त्या वेळी पाठ आणि गोष्ट यांचा टाका सुटतो. शिवाय आकडे जवळजवळ नसतातच. गरम हवेचा फुगा घ्या. ‘गरम हवा हलकी असते, म्हणून फुगा वर जातो’ हे खरं, पण किती हलकी? २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो, १०० अंशांना साधारण ०.९५. फरक पाव किलोचा. म्हणजे एक टनाच्या चम्लीला उचलायला किमान ४००० घनमीटर हवा तापवायला हवी, जवळपास २० मीटर व्यासाचा गोळा, आणि यात कापड, टोपली, शेगडी धरलेली नाही. हा आकडा फळ्यावर आला असता तर चम्लीचं वजन हा विनोद आणि विज्ञान दोन्ही झाला असता. आठ-दहा वर्षांच्या मुलांना आकड्यांची भीती नसते. भीती आपल्याला असते, आणि आपण ती त्यांच्या नावावर खपवतो.

फळ्याबद्दल अजून एक गोष्ट, चित्रं करणाऱ्यांसाठी. सिनेमाच्या फिल्मवर सेकंदाला २४ चौकटी, मिनिटाला १४४०. प्रत्येक चित्र दोन चौकटी धरलं तरी मिनिटाला ७२० चित्रं. स्वस्तात कार्टून काढणारे हा आकडा खाली आणतात : धड स्थिर ठेवायचं, फक्त ओठ आणि पापण्या हलवायच्या, चालण्याचं एकच चक्र पुन्हा पुन्हा वापरायचं, मागचं दृश्य सरकवायचं. यामुळे मारामारी, धावपळ पांगळी दिसते. या मालिकेतही ती दिसतेच. पण काळ्या फळ्यावर पांढरी रेघ सरकते तेव्हा कुणाला काही उणं वाटत नाही, कारण तिथे तेवढंच अपेक्षित असतं. रंग नाही, पार्श्वभूमी नाही, एक बाण सरकला की पाणी वाहतं. सगळ्यात कमी मेहनतीचा भाग तोच सगळ्यात स्पष्ट भाग. आज टॅबलेटवर एकट्याने ॲनिमेशन करणाऱ्याने नेमकं हेच उचलावं. चकचकीत त्रिमितीय इंजिन फिरवून दाखवण्यापेक्षा कापलेल्या सिलिंडरची सहा रेघांची आकृती जास्त शिकवते, कारण बघणाऱ्याने कुठे बघायचं ते तिच्यात ठरलेलं असतं.

शिळं काय झालं? टेलिफोनचा पाठ. जुन्या फोनच्या बोलायच्या भागात कार्बनचे कण असत. आवाजाने पडदा थरथरला की कण दाबले जायचे, दाबले की विजेला होणारा विरोध कमी, त्यामुळे प्रवाह आवाजाच्या तालावर कमीजास्त, आणि पलीकडे तोच प्रवाह विद्युतचुंबकातून जाऊन दुसरा पडदा थरथरवायचा. आजच्या मुलाच्या हातातल्या फोनमध्ये यातलं जवळपास काहीच नाही. तरी मी हा पाठ ठेवेन, कारण यात प्रत्येक पायरी डोळ्यांना दाखवता येते. मोबाइल समजावताना दुसऱ्याच वाक्याला ‘मग तो सिग्नलमध्ये बदलतो’ म्हणून हात झटकावे लागतात. खरं शिळं झालंय ते वेगळंच : शहाणा माणूस नेहमी पुरुष, मध्यमवयीन, कोट घातलेला. स्त्री पात्रं जवळजवळ नाहीत. तो भाग उचलू नये.

प्राणिसंग्रहालयाची जागा मात्र चपखल आहे. वॉलरस उत्तर ध्रुवाजवळचा, पेंग्विन दक्षिण गोलार्धातला. निसर्गात या दोघांची गाठ पडूच शकत नाही, ती फक्त अशाच जागी पडते. आणि शिकायला जायचं तर पिंजऱ्याबाहेर पडावं लागतं, हे लेखकांनी मुद्दाम योजलं असो वा नसो, मला फार आवडतं. आपल्या मुंबईतल्या मुलांनी तर खरे पेंग्विन पाहिलेत. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, त्यातल्या काहींची नावं पॉपाय, ऑलिव्ह, डोनाल्ड, डेझी. थेट कार्टूनमधूनच! हम्बोल्ट पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फातले नव्हेत. त्यांच्यासाठी काचेआड थंडावा ठेवतात तो साधारण १६ ते १८ अंशांचा, उणे अंशांचा नाही. आता हाच एक भागाचा विषय बघा : पेंग्विनच्या खोलीचं यंत्र बंद पडलं, बाहेर मे महिन्याचा मुंबईचा दमटपणा. बर्फ आणून ओतला तर का भागत नाही? कारण यंत्राचं काम थंडी ‘आणण्याचं’ नसतं, आतली उष्णता बाहेर फेकण्याचं असतं, आणि दाराची फट उघडी राहिली तर ती परत आत येत राहते. फ्रीजचं दार उघडं ठेवून स्वयंपाकघर का गार होत नाही, याचं उत्तर त्याच फळ्यावर मिळतं.

बोलक्या प्राण्यांचं शिकवणारं कार्टून आपल्याकडे नव्हतं असं नाही. फिल्म्स डिव्हिजनची १९७४ सालची ‘एक अनेक और एकता’ दूरदर्शनवर वाढलेल्या प्रत्येकाला आठवते. विजया मुळे यांची कल्पना, भीमसेन यांचं दिग्दर्शन, वसंत देसाईंचं संगीत. त्यातही पक्षी जाळ्यात सापडल्यावरच एकीचा धडा येतो. आधी अडचण, मग शिकवण, तीच चाल. पण त्या वाटेने नियमित विज्ञानमालिका मराठीत उभी राहिली नाही.

कुणी करायला बसणार असेल तर काही कामाच्या गोष्टी. पाच मिनिटांच्या भागाला बोललेले शब्द ४५० ते ५०० पुरेत, त्याहून जास्त असतील तर चित्राला श्वास घ्यायला जागा राहत नाही. ओठांचे आकार सात ठेवा : मिटलेले (प, ब, म), दात ओठावर (व), मोठा आ, रुंद ई, अर्धा उघडा ए, गोल ओ-उ, आणि विश्रांती. यांतला मिटलेला आकार चुकला तर लगेच खटकतो, बाकीचे थोडे मागेपुढे चालतात. परभाषेतलं कार्टून मराठीत डब करताना काम नेमकं इथेच बिघडतं, म्हणून वाक्य बसवताना आधी प-ब-म कुठे पडतात ते बघा, अर्थाची घडी नंतर घाला. फळ्यावर एका वेळी एकच वस्तू हलू द्या. निवेदक शब्द उच्चारेल त्याच क्षणी ती रेघ उमटली पाहिजे, अर्धा सेकंद उशीर झाला तरी मूल तोंडाकडे बघू लागतं. परिभाषा शेवटी. आधी पहार आणि दगड, मग ‘याला तरफ म्हणतात’.

आणि फळा दीड मिनिटाच्या वर नको. लांबला तर समजा, एका भागात दोन विषय घुसलेत. दुसरा काढून पुढच्या भागाला ठेवा. पटकथा हातात आली की फळ्याचा भाग झाकून उरलेली गोष्ट वाचून पाहा. मधला पाठ नसतानाही गोष्ट जशीच्या तशी पुढे सरकत असेल, तर पाठ नुसता चिकटवलेला आहे आणि दुसरा प्रयत्न पुन्हा लिहायला हवा.