खुलासा : खोबरेल तेल पिऊन स्मृतिभ्रंश टळत नाही

‘रोज अनशापोटी दोन मोठे चमचे खोबरेल तेल प्या, स्मृतिभ्रंश जवळ फिरकणार नाही’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्याला आधार नाही. तेलातून कीटोन (चरबीपासून यकृतात बनणारे पदार्थ) बनून मेंदूला इंधन मिळते, हा त्यामागचा तर्क. पण रोजचे भात-पोळीचे जेवण चालू असताना बनणारे कीटोन फारच थोडे. उलट तेवढ्या तेलात सुमारे २२ ग्रॅम संपृक्त चरबी असते. तिने एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढते, आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये मध्यमवयातले वाढलेले एलडीएल स्मृतिभ्रंशाच्या १४ जोखीम-घटकांत नव्याने धरले आहे! (आमटीतल्या खोबऱ्याबद्दल हे नाही.)

लक्ष द्यायचे तर रक्तदाबाकडे द्या; वाढलेला रक्तदाबही त्या १४ घटकांत आहे. चाळिशीपासून वरचा आकडा १३० किंवा त्याखाली ठेवावा, असे आयोग सांगतो. मोजताना चूक सहज होते : जिना चढून आल्याआल्या किंवा बाहीवरून पट्टा बांधून मोजला, तर आकडा खरा येत नाही. पाच मिनिटे पाठ टेकून बसा, हात छातीच्या पातळीवर टेकवा, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. दोनदा मोजा.

ऐकू कमी येणे हाही त्यातलाच एक घटक; तसे असेल तर श्रवणचाचणी करून घ्या. श्रवणयंत्र मिळाल्यावर ते रोज वापरा, कपाटात ठेवू नका.