‘सोप्या’ वाटेवर पडलेल्या लेकीच्या निमित्ताने

नमस्कार,

आधी सांगा, लेकीचा गुडघा कसा आहे? काल रात्री तुमची प्रतिक्रिया वाचली आणि सगळ्यात आधी तेच मनात आलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. उद्यानातल्या सायकल-ट्रेलवरचा माझा लेख वाचून तुम्ही आठ वर्षांच्या मुलीला घेऊन तिथे गेलात. ती दोनदा पडली. एकदा मुळांपाशी, आणि एकदा तळ्यापलीकडच्या उतरणीवर, वळणावरच्या बारीक खडीत. शेवटचा अर्धा किलोमीटर ती सायकल ढकलत, रडत आली. तुमचं म्हणणं असं की ‘सोपी, सहकुटुंब’ लिहून मी दिशाभूल केली. वाट बाहेरच्या बाजूला कललेली आणि विनाकारण वरखाली आहे, म्हणजे बांधणाऱ्यांना काही कळत नाही. आणि मुळात याला माउंटन बाइकिंग म्हणायचंच कशाला?

पहिला मुद्दा मला मान्य आहे. ‘सायकल येणाऱ्या कुठल्याही मुलाला जमेल’ हे माझं वाक्य चुकीचं होतं. ते मी माझ्या 29 इंची चाकांच्या सायकलच्या अनुभवावरून लिहिलं. सोबत मुलगा होता, पण तो अकरा वर्षांचा आणि 24 इंची सायकलवर. 20 इंची चाकावरच्या मुलीला तीच वाट कशी लागेल याचा विचार मी केला नव्हता, आणि करायला हवा होता.

फाटकाजवळच्या पाटीवर हिरवं वर्तुळ आहे ते तुम्ही पाहिलं असेलच. ही खूण इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनच्या, वाट किती अवघड ते सांगणाऱ्या श्रेणी-पद्धतीतली आहे. ही संस्था 1988 पासून ट्रेल बांधणं आणि ते सायकलवाल्यांसाठी खुले ठेवणं यावर काम करते. हिरव्या वर्तुळाचा अर्थ साधारण असा: वाट किमान 36 इंच रुंद, पृष्ठभाग घट्ट, सरासरी चढ-उतार 5 टक्क्यांच्या आत, आणि टाळताच येणार नाही असा अडथळा 2 इंचांहून उंच नाही. ही वाट या सगळ्यात बसते. पण त्याच श्रेणीत एखादा छोटा टप्पा 15 टक्के उताराचाही चालतो. म्हणजे दहा मीटर पुढे गेलं की दीड मीटर खाली. तुमची मुलगी जिथे पडली ती उतरण माझ्या अंदाजाने त्याच्या जवळपास जाते. मोठ्यांना ती चटकन संपणारी गंमत वाटते. लेखात मी तिचा उल्लेखही केला नाही.

आणि ते 2 इंच! मूळ सगळ्यांसाठी तेवढंच उंच असतं, चाक मात्र तेवढंच नसतं. टायर धरून माझ्या चाकाची त्रिज्या सुमारे 37 सेंटिमीटर, तिच्या चाकाची 25. पाच सेंटिमीटरचं मूळ माझ्या चाकाच्या त्रिज्येचा सातवा हिस्सा, तिच्या चाकाच्या पाचवा. माझं चाक त्यावरून चढून जातं, तिचं त्यावर आपटतं. दोन मुळांच्या मधल्या खोलगटातही छोटं चाक जास्त खाली जातं. त्यात वजनाची भर घाला. 25 किलोच्या मुलीखाली 11 किलोची सायकल म्हणजे 70 किलोच्या माणसाखाली तीस किलोची सायकल देण्यासारखं झालं. अशा सायकलवर पुढचं चाक उचलून मूळ पार करा, असं मला कुणी सांगितलं तर मलाही जमणार नाही.

वळणावर पडली त्याबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘घाबरून तिने ब्रेक दाबला आणि पुढचं चाक निसटलं.’ यात तिचा दोष नाही. घट्ट जमिनीवर पसरलेली सुटी खडी चाकाखाली छऱ्यांसारखी घरंगळते. टायरची जी काही पकड असते ती वळण घेण्यात खर्ची पडत असते, त्यात ब्रेकचं ओझं पडलं की चाक सुटतं. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना. वळणात ब्रेक मोकळे, नजर चाकापुढच्या खडीवर न ठेवता वळण जिथे संपतं तिथे, आणि बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली.

एक विनंती आहे. या प्रसंगानंतर तिला ‘पुढचा ब्रेक लावायचाच नाही’ असं शिकवू नका. बरेच पालक तसं करतात, मीही केलं होतं. मग मूल फक्त मागचा ब्रेक दाबतं, मागचं चाक लॉक होऊन फरफटतं आणि सायकल थांबतच नाही. सायकल थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. सपाट गवतावर न्या, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत एखाद्या पानापाशी थांबायला सांगा. आमच्याकडे हा खेळ आठवडाभर चालला होता. त्याआधी ब्रेकचा लिव्हर तिच्या बोटांना पोहोचतो का ते बघा. बहुतेक लिव्हरला एक छोटा स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. लहान मुलांची बोटं नुसती टोकाने लिव्हरला लागतात. मग ती घाबरली की एकदम सगळा जोर लावतात.

टायरमधली हवाही तपासा. टायरवर लिहिलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरा असं ते सांगत नाही. हलक्या मुलाच्या टायरमध्ये 40 पीएसआय भरलं तर तो चेंडूसारखा उडतो. टायरवर किमान आकडा दिला असेल तर त्याच्या खाली न जाता हवा कमी करत जा, अंगठ्याने दाबल्यावर टायर थोडा दबला पाहिजे. माझ्या अनुभवात मुलांच्या सायकलला एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही, आणि त्याला पैसाही लागत नाही.

दुसरा मुद्दा मात्र मला मान्य नाही, आणि इथे मी ठामपणे बोलणार आहे. वाट बाहेरच्या बाजूला कललेली आहे ती मुद्दाम. उताराच्या बाजूला साधारण 5 टक्के कल दिला की पावसाचं पाणी वाट आडवी ओलांडून निघून जातं. कल नसेल तर तेच पाणी वाटेवरूनच वाहतं, वेग धरतं, माती नेतं, आणि दोन पावसाळ्यांत वाटेची घळ होते. जे ‘विनाकारण वरखाली’ वाटलं तेही पाण्यासाठीच आहे. उतारात मध्येच छोटा चढ दिला की पाणी तिथे अडतं आणि बाजूला पडतं. वाटेचा उतार टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा हाही बांधणाऱ्यांचा जुना नियम आहे, म्हणून ती सरळ वर न जाता टेकडीला वळसे घालत जाते. ही वाट कुणीतरी पावसात भिजत, पाणी कुठून जातं ते बघून आखलेली आहे. त्यांना अडाणी म्हणणं मला फार लागलं. खडीचं वळण तेवढं त्यांनी वेळोवेळी झाडायला हवं, ते मी उद्यानाला कळवलं आहे.

हे माउंटन बाइकिंग आहे का, यावर फार लिहीत नाही. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत ज्या ‘रिपॅक’ शर्यतीपासून या खेळाचं नाव झालं, ती एका रुंद कच्च्या रस्त्यावर व्हायची आणि बऱ्याच जणांच्या सायकली जुन्या, जाड टायरच्या, उलटं पॅडल मारून ब्रेक लागणाऱ्या होत्या. एका उतरणीत चाकाच्या मधल्या हबमधलं ग्रीस जळून जायचं, ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून ते नाव. ती उतरण भयंकर तीव्र होती, तिची तुलना आपल्या तळ्यापलीकडच्या उतरणीशी मी करत नाही. पण अरुंद, खडकाळ, अवघड असेल तरच खरं, असं तेव्हाही नव्हतं.

तिला पुन्हा जायचं असेल, आणि तिनेच म्हटलं तर, पूर्ण सहा किलोमीटरचा फेरा करू नका. फाटकापासून तळ्यापर्यंतचा दीड किलोमीटर पुरे आहे. मुळं त्या टप्प्यात येत नाहीत. तळ्याशी बसा आणि आल्या वाटेने परत या, समोरून येणारे असतातच, म्हणून वळणांवर हळू. तुम्ही मागे राहा, वेग तिला ठरवू दे.

मूळ लेखातलं ते वाक्य मी काढलं आहे. त्या जागी आता असं लिहिलं आहे: ‘20 इंची किंवा त्याहून लहान चाकांची सायकल असेल तर तळ्यापर्यंतच जा. तळ्यापलीकडची उतरण सुरू होते तिथे डाव्या हाताला लाकडी बाक आहे. पुढे गेलातच तर बाकापाशी उतरा आणि खालच्या वळणापर्यंत सायकल हातात धरून चला.’