जोडाक्षर आलं की बिल

आमचं वॉशिंग मशीन दुरुस्त झालंय, असं कंपनीचं म्हणणं आहे. पाणी अजून स्वयंपाकघरापर्यंत येतंय, असं माझं म्हणणं आहे. साडेसातशे रुपये गेले, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

बिघाड काय होता ते सोडा. आलेला मेकॅनिक फक्त 'ओके' म्हणायचा. तोंडात गुटख्याचा तोबरा. न सांडता तेवढंच म्हणता येत असावं. सोबत पाने-पक्कड द्यायला एक पोरगा होता. त्याचं खरं काम दुभाष्याचं.

मशीन पुढे ओढून मागचा पत्रा उघडला. "ओकेऽऽऽ," मेकॅनिक म्हणाला.

"म्हणजे विशेष काही नाही ना?" मी आशेने विचारलं.

"नाय काका," पोरगा म्हणाला. "लांब ओके म्हणजे लफडं मोठंय."

मेकॅनिकने पाइप हलवून पाहिला. "ओके, ओके."

"आता काय?"

"डबल म्हणजे त्यांना कळलंय. नायतर तुम्ही मधी बोलू नका, असंपण असतं."

"यातलं आत्ता कुठलं?"

"तुम्ही लई जवळ उभे हाय, काका."

मी माझ्याच घरात दोन पावलं मागे सरकलो.

"ओके?" मेकॅनिकने भिंतीला विचारलं.

"पार्ट बदलायचा का विचारतायत. साडेतीनशेचा. व्हिजिटचे चारशे येगळे."

"जुना नाही का चालणार?"

"ओके," मेकॅनिक म्हणाला.

"म्हणजे चालेल?"

"म्हणजे तुमची मर्जी. मग ग्यारंटी नाय."

मर्जी माझी म्हणे! मी मुकाट्याने मान हलवली. शेवटी 'क'ला 'क' जोडून दणदणीत 'ओक्के' आला आणि पोराने पिशवी आवरायला घेतली. "झालं, काका. जोडाक्षर आलं की बिल."

या शब्दाच्या जन्मातच लबाडी आहे. 1839 साली बॉस्टनच्या पत्रकारांना मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं छापण्याची खोड लागली होती. 'ऑल करेक्ट'चं केलं 'ओल कोरेक्ट', आणि 23 मार्चच्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये त्याचा 'ओके' उमटला. ॲलन वॉकर रीड नावाच्या अभ्यासकाने 1960च्या दशकात हे खोदून काढलं. म्हणजे 'सगळं बरोबर आहे' असं सांगणाऱ्या शब्दातली दोन्ही अक्षरं चूक, A आणि C हवीत तिथे O आणि K! पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी तो निवडणुकीत वापरला. किंडरहुक गावचे म्हणून ते 'ओल्ड किंडरहुक'. ओके असूनही पडले.

आपल्याकडे तो ट्रकच्या पाठीवर जाऊन बसला. 'हॉर्न ओके प्लीज'मधला ओके तिथे काय करतो, हे दोन माणसं एकसारखं सांगणार नाहीत. लोक उगाच हॉर्न वाजवतात म्हणून 2015 साली महाराष्ट्र सरकारने त्या ओळीवर बंदी घातली. हॉर्न अजून वाजतातच. 2022 साली तर सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी गुवाहाटीहून फोनवर झाडी, डोंगार आणि हाटील ओक्के करून टाकलं, आणि महाराष्ट्रभर लोक वरणभातालाही ओक्के म्हणू लागले. मीही हसलो होतो. तेव्हा माझं मशीन चालू होतं.

मेकॅनिक गेल्यावर तासाभरात मशीनखालून पाण्याचा ओघळ निघाला. जाताना त्याने 'ओके?' म्हणून मोबाइल पुढे केला होता. ओटीपी हवा होता, आणि मी तो दिला होता. तो आकडा म्हणजे ग्राहक खूश असल्याचा दाखला, हे कुणी सांगायचं? फरशी पुसून पुसून बायकोचे हात दुखले. खालच्या मजल्यावरच्या वहिनी छतावरचा ओला डाग दाखवायला वर आल्या. मी कस्टमर केअरला फोन लावला.

"सर, तुमची कम्प्लेंट ओके दाखवतेय."

"अहो, पाणी गळतंय."

"ओके, सर. पण सिस्टिमला ओके आहे. नवीन कम्प्लेंट घेऊ? व्हिजिट चार्ज परत लागेल. ओके, सर?"

"नाही," मी ओरडलो. "अजिबात नाही!"

"ओके, सर," म्हणून तिने फोन ठेवला. आता उद्या माणूस येणार, की प्रकरण कायमचं मिटलं? विचारायला तो पोरगाही हाताशी नव्हता.