खुलासा : स्वस्त आणि महाग फिफ्टीची काच एकच नाही

‘कॅननच्या ५० मिमी एफ/१.८ आणि एफ/१.२ लेन्समध्ये काच तीच, लाल कड्याचे दहापट पैसे घेतात’ असा मेसेज फिरतोय. (फिफ्टी म्हणजे ५० मिमीची कॅमेरा लेन्स; लाल कडं ही कॅननच्या महागड्या ‘एल’ लेन्सची खूण.) खाली माझ्या जुन्या पोस्टमधलं वाक्य चिकटवलंय: ‘सुरुवातीला स्वस्त फिफ्टी पुरते.’ ते मी आजही म्हणेन. पण काच तीच, असं मी कुठेही लिहिलेलं नाही आणि ते खरंही नाही.

कंपनीचीच माहिती पाहा. आरएफ (कॅननच्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठीच्या लेन्स) ५० मिमी एफ/१.८ मध्ये ६ भिंगं, वजन १६० ग्रॅम. एफ/१.२ एलमध्ये १५ भिंगं, वजन ९५० ग्रॅम. एकीला ४३ मिमीचा फिल्टर, दुसरीला ७७ चा.

किमतीचं म्हणाल तर अमेरिकेत बाजारात आल्या तेव्हा १९९ आणि २,२९९ डॉलर. म्हणजे दहापटीहूनही जास्त. तेवढं मेसेजचं बरोबर आहे!

५० ला १.८ ने भागा: प्रकाश आत येण्याचं छिद्र साधारण २८ मिमी. १.२ ने भागा: ४२. प्रकाश सव्वादोन पट येतो, पण काठाकडचे किरण एकाच जागी आणायला जास्त आणि मोठी भिंगं लागतात. ती घडवणं, जुळवणं वेळखाऊ. शिवाय अशी लेन्स घेणारे थोडे, त्यामुळे डिझाइनचा खर्च मोजक्या नगांवर पडतो. नावाचे पैसे अजिबात नसतात असं नाही, पण फरक नुसत्या कड्याचा नाही.

मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.