पूर अलमट्टीचा, भराव आपला

जुलै २०२१ मध्ये माझ्या दोन्ही देशांना पुराने एकाच पंधरवड्यात गाठले. महिन्याच्या मध्यावर नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, लिम्बुर्ख प्रांतात, एरवी ओढ्याएवढी दिसणारी गेउल नदी फाल्केनबुर्ख गावाच्या बाजारपेठेत शिरली, आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांतच कोल्हापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५६ फुटांची पातळी ओलांडली, जिथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. मी राहतो त्या नायमेखन शहरात पाणी आले नव्हते. मी रात्रभर फोन हातात धरून बसलो होतो तो राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले आणि शाहूपुरीत पाणी कुठवर आले हे बघत. पहाटे धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, अलमट्टीतनं किती सोडलंय, तेवढं नेटवर बघून सांग की." गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला तेव्हा आणखी काही सुचणेही शक्य नव्हते, म्हणून मी मुकाट्याने कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या त्या धरणाचा आकडा शोधून दिला. तिथे पाणी अडले की इकडे फुगते, असे कोल्हापुरात मानले जाते.

पाणी ओसरल्यावरही आमची चर्चा त्या आकड्यावरून हलली नाही, हे मात्र मला आजही खटकते. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्या पुराला अलमट्टी कारणीभूत नसल्याचे मत तिने दिले आणि पूररेषेतील अतिक्रमणांवर बोट ठेवले. हा निष्कर्ष अनेक कोल्हापूरकरांना मान्य नाही, आणि त्यांची शंका अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा आग्रह कर्नाटक सोडत नसताना शिरोळच्या शेतकऱ्याने धास्तावू नये तर काय करावे? तरीही अलमट्टीचे एक राजकीय सुख आहे, ते असे की ती दुसऱ्या राज्यात आहे. तिच्याविरुद्धच्या मोर्चात सर्व पक्षांचे आमदार एकाच ट्रॉलीवर उभे राहू शकतात, कारण त्या मोर्चामुळे कोल्हापुरातल्या एकाही मतदाराचा सात-बारा धोक्यात येत नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा यांवर बोलायला लागले की मात्र समोर कोणीतरी ओळखीचा येतो: एखाद्याचा मेहुणा, एखाद्याचा बिल्डर, एखाद्याचा कार्यकर्ता.

नायमेखनमधल्या माझ्या घरापासून वीस मिनिटांच्या सायकलप्रवासावर, नदीपलीकडे लेन्ट हे गाव आहे. १९९५ मध्ये ऱ्हाईनच्या खोऱ्यातून सुमारे अडीच लाख माणसे हलवावी लागली, तेव्हा पाणी जर्मनीतून आले असे म्हणून मोकळे होणे या लोकांनाही सोपे होते. पुढे त्यांनी नदीला जागा देण्याची योजना आखली. तीस-एक ठिकाणी कामे झाली, दोन अब्ज युरोंहून अधिक खर्च आला, आणि लेन्टला ऱ्हाईनचाच फाटा असलेल्या वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर मागे घेण्यासाठी पन्नासच्या आसपास घरे पाडावी लागली. हे सगळे गोडीगुलाबीने झाले असे समजू नये. लोकांनी विरोध केला, पर्यायी आराखडे मांडले, वर्षानुवर्षे सभा झाल्या. घर गेले त्यांना मोबदला मिळाला, पण आजोबांच्या बागेची भरपाई युरोत होत नाही, हे तिथल्या एका म्हातारबांनी मला बाकावर बसल्या बसल्या सांगितले होते. तिथले भांडण अर्थात शांतपणे झाले नाही. ते "दोष कोणाचा" यावर कमी आणि "किती कोणी सोसायचे" यावर जास्त झाले, एवढाच मला जाणवलेला फरक.

हा फरक स्वभावाचा नसावा. इथल्या शहाणपणाचे गोडवे गाणाऱ्याने २०२२ चा उन्हाळा आठवावा, तेव्हा शेतीतून होणाऱ्या नायट्रोजन प्रदूषणावरच्या मर्यादांवरून शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर महामार्गावर आणले होते, खांबाखांबावर राष्ट्रध्वज उलटे टांगले होते आणि शहर व खेडे एकमेकांचे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते. फरक आहे तो भांडायच्या जागेचा. इथे पाण्यासाठी वेगळी निवडून आलेली मंडळे आहेत, सध्या एकवीस. त्यांचा वेगळा कर आहे, आणि दरवर्षी त्याचे काहीशे युरोंचे बिल आले की मी कोल्हापुरी भाषेत दोन शब्द उच्चारतो. पैसे मोजल्यामुळे बांध कुठे खचला हे विचारण्याचा हक्क आपोआप येतो. कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत मात्र नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि नवी निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. २०२१ चा महापूर त्याच पोकळीत येऊन गेला. पाच वर्षे ज्या शहरात नगरसेवकच नव्हता, तिथे पूररेषेचा वाद घालायचा तरी कोणापुढे? मग तो मोबाइलवर घातला गेला, आणि मोबाइलवर अलमट्टीच जिंकते.

कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली गावाचेही आठवते. १९८९ च्या पुरानंतर तिथल्या लोकांना सोनतळीला जागा मिळाली, पण गाव पुरते उठले नाही. पावसाळ्यात लोक सोनतळीला जातात आणि पाणी उतरले की परत येतात. त्यांना हटवादी म्हणणे दूरवरून सोपे आहे, पण शेती, गोठा आणि देऊळ नदीकाठी असताना केवळ भूखंडाने स्थलांतर होत नाही.

आणि दूरवरून बोलणाऱ्या माझी गोष्टही सांगून टाकतो. नदीकडच्या बाजूला आमची वडिलार्जित अठरा गुंठे जमीन आहे, निळ्या रेषेच्या आत. गेल्या दिवाळीत भावाने फोन केला. शेजारच्या तिघांनी मुरूम टाकून जमीन रस्त्याच्या बरोबरीने उचलून घेतली होती, त्यामुळे पहिल्याच पावसात त्यांचे पाणी आमच्या उसात साचले. "आपणच का खड्ड्यात राहायचं, दादा? तू संमतीपत्रावर सही करून स्कॅन पाठव, बाकीचं मी बघतो." जमिनीला भाव चांगला येतोय, पुतणीच्या शिक्षणाचा खर्च आहे, आणि आम्ही एकट्याने भराव टाकला नाही म्हणून पंचगंगेची पातळी इंचानेही उतरणार नाही, हे सगळे मला पटते. त्या दिवशी मी त्याला लेन्टबद्दल बोलू लागलो, तर तो म्हणाला, "तिथं सरकारनं पैसे दिले नव्हं?" संमतीपत्र अजून माझ्या मेलमध्ये तसेच पडून आहे.