गोफ गेला पट्टायात, कळलं पेरणीला

आधीच सांगतो, ही पोस्ट दाजींना विचारून टाकतोय. दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणाले टाका पाव्हणं, आता लपवायला राहिलंय काय.

माझं सेलूला कृषी सेवा केंद्र आहे हे बऱ्याच जणांना माहीत आहे. २०२४ च्या खरिपात एका कंपनीच्या स्कीममध्ये बसलो, म्हणजे शेवटच्या आठवड्यात उधारीवर तणनाशक उचलून कसंबसं टार्गेट गाठलं आणि दोन सीटची बँकॉक-पट्टाया टूर लागली. दोन सीट म्हणल्यावर बायकोला न्यावं ना माणसानं, पण कंपनीच्या पोरानं आधीच गालात हसत सांगितलं, शेठ ही जेंट्स टूर आहे. मग दुसऱ्या सीटवर दाजी. नऊ एकर सोयाबीन-कापूस, आयुष्यात कधी विमानात बसलेले नाहीत, पासपोर्टसुद्धा या टूरसाठीच काढला. व्हिसाचं टेन्शन नव्हतं, नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडनं आपल्याला तो माफच केला होता, त्यामुळं तेव्हा आपल्याकडचा जो उठतो तो पट्टायाला.

निघायच्या दिवशी आक्कानं स्वतः पेटीतनं गोफ काढून दाजींच्या गळ्यात घातला. म्हणली, परदेशात चाललाव, मोकळा गळा बरा दिसत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

या गोफाबद्दल थोडं सांगावंच लागंल. साडेतीन तोळे. २००८ ला आक्काच्या लग्नात आमच्या आबांनी घातलेला, तेव्हा बारा-तेरा हजार रुपये तोळा होता आणि तेवढ्यासाठीही आबांनी बैलजोडी विकली होती. लोकांना वाटतं गोफ म्हणजे मिरवायची वस्तू. दाजींचा गोफ घरी कमी आणि बँकेत जास्त राहिलाय. दरवर्षी जून आला की पिवळ्या पिशवीत बसून तारण जायचा, त्यावर बियाणं-खत यायचं, दिवाळीनंतर सोयाबीन विकलं की सोडवून आणायचा, दोन-चार लग्नांत गळ्यात, की परत पेटीत. आपल्याकडं शेतकऱ्याचं सोनं हे असंच असतं, दागिना कमी आणि पेरणीचं बियाणं जास्त.

तर फेब्रुवारी २०२५. देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबई, तिथनं रात्रीचं विमान, आणि बँकॉकला उतरून दीड-दोन तास बसनं पट्टाया. बसमध्ये गाईडनं हिंदीत माईकवरनं सगळं सांगितलं. हे मच्छीमारांचं साधं गाव होतं, १९५९ नंतर अमेरिकन सैनिक सुट्टीला यायला लागले, व्हिएतनामच्या लढाईत तर लोंढेच आले आणि गावाचं असं झालं. मग म्हणाला, भाई लोग, रात को गले में सोना मत पहनना, बीच रोड पर कोई गले लगाए तो हाथ झटक के आगे निकलो. हे "गले लगाए" ऐकल्याबरोबर मागच्या सीटवरनं ज्या शिट्ट्या पडल्या! मी पण हसलो, खोटं कशाला बोलू. पुढचं कुणी ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी स्पीडबोटीतनं कोरल आयलंड झालं, दाजींनी बनियनवर गोफ बाहेर काढून फोटो काढले, गावच्या ग्रुपवर टाकले. रात्री सगळे वॉकिंग स्ट्रीटला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, संध्याकाळनंतर तिथं गाड्या बंद असतात, दोन्ही बाजूला बार, डोक्यावर लाल-निळ्या पाट्या, आणि प्रत्येक दारातला आवाज शेजारच्या दाराशी भांडत असतो. दाजी एक बियर घेऊन तास-दीड तास नुसतं बघत बसले. रात्री दीडच्या सुमाराला आम्ही पाच जण बीच रोडनं चालत हॉटेलकडं निघालो.

नारळाच्या झाडाखाली दोघी उभ्या होत्या. उंच, नटलेल्या, तिकडच्या तृतीयपंथी, लेडीबॉय म्हणतात त्यातल्या. एक पुढं आली, हॅलो हँडसम, इंडिया? शाहरुख खान! आणि दाजींच्या गळ्यात दोन्ही हात. दुसरी बाजूनं खिशापाशी लगट करायला लागली, तर दाजींनी अर्थातच दोन्ही हात खिशावर दाबले, कारण पाकीट तिथं होतं. खरी गंमत इथंच आहे. माणूस खिसा सांभाळायला लागतो आणि गळा मोकळा सोडतो. आमचे तिघं मागनं मोबाईल काढून शूटिंग करतायत, दाजी लाजून हसतायत, मी पण हसतोय. दहा सेकंद, फार तर पंधरा. मग त्या दोघी बाय बाय करत गल्लीत शिरल्या, तिथं स्कूटर सुरूच होती, ती आम्हाला आता आठवते.

पन्नास पावलं गेल्यावर घाम पुसायला दाजींनी गळ्यावर रुमाल फिरवला आणि तिथंच थांबले.

"पाव्हणं, गोफ?"

बस्स एवढंच. दिवसभर उन्हात भाजल्यामुळं गळा लाल झाला होता आणि गोफाच्या जागी पांढरा पट्टा तेवढा राहिला होता. तो पट्टा मला अजून दिसतो.

पळत माघारी गेलो तर गल्लीत कुत्रं नाही. पोलिसाचा बूथ जवळच होता, तिथं गेलो. आता कुणी म्हणेल तिथल्या पोलिसांनी दाद दिली नाही वगैरे, तर तसं काही झालं नाही, माणूस नीट बोलत होता, मोबाईलवर भाषांतर करून विचारत होता. विचारलं, किती बाट? बाट हे तिकडचं चलन, त्यामुळं दाजींना वाटलं किंमत विचारतोय, ते बोटांवर रुपयाचे बाट करायला लागले. तिकडं सोन्याचं वजनच बाटमध्ये मोजतात, एक बाट म्हणजे सव्वापंधरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपला गोफ सव्वादोन बाटाचा. हे कळेपर्यंत पाच मिनिटं गेली. मग त्यानं विचारलं कुठं, किती वाजता, कोण होतं, कसं घेतलं. आता हे सांगताना दाजींना ॲक्शन करून दाखवावी लागली, आणि मागं उभे असलेले आमचेच तिघं खी खी करून हसले. झालं. दाजींचा चेहरा पडला. पोलिसानं पासपोर्ट मागितला, तो टूर मॅनेजरकडं, म्हणाला सकाळी घेऊन या. सकाळी आठला बँकॉकची बस. दाजी म्हणाले, जाऊ द्या पाव्हणं, चला.

आणि मी "चला" म्हणलो. हे माझं चुकलं.

विमानात त्यांनी माझ्याकडनं शब्द घेतला की आक्काला सांगायचं नाही. घरी सांगितलं की गोफ बँकेत ठेवलाय, जुनं कर्ज नवंजुनं करायला. तेव्हा सोनं पंच्याऐंशी हजाराच्या घरात होतं. एप्रिलमध्ये लाखाला टेकलं, बातम्यांत दिवसभर तेच, आणि आक्का सांगते की बातमी लागली की हे टीव्ही बंद करायचे, तिला वाटायचं डोळे दुखतात. जूनमध्ये पाऊस पडला, पेरणीला पैसे लागणार, आक्का म्हणली बँकेतल्या गोफावर वाढवून घ्या, आता भाव वाढलाय. पावती मागितली. पावती कुठनं आणणार?

दाजींना वाटत होतं ती विचारंल, रात्री दीडला तिथं काय करत होतात. नाही विचारलं. दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी मला फोन. पहिला प्रश्न, "पोलिसात दिलं का?" नाही म्हणलो. म्हणली, "कामून?" मला उत्तर देता येईना. मग म्हणली, "माझी पोत गेली असती तर तुम्ही दोघांनी ठाणं डोक्यावर घेतलं असतं." आणि मग रडली, म्हणली मीच घातला होता गळ्यात.

माझं म्हणणं ते "कामून" बद्दलच आहे.

आमच्या मावशीची पोत दोन वर्षांपूर्वी एसटी स्टँडवर गेली. तिकीट निम्मं झाल्यापासून बायकांची गर्दी माहीतच आहे, गाडीच्या दारात रेटारेटी, त्यात कुणीतरी पोत कापली. मावशीनं काय केलं? दारातच बसकण मारली आणि असा गलका केला की ड्रायव्हरला गाडी प्रवाशांसकट पोलीस ठाण्यात न्यावी लागली, सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. पोत मिळाली नाही ती नाहीच, पण कागद झाला, तारीख-वेळ-वजन लिहिलं गेलं. मावशीला लाज वाटली नाही, कारण तिनं लाज वाटावी असं काही केलंच नव्हतं. आणि आम्ही पाच बाप्ये, त्यातले दोन ग्रॅज्युएट, एक माजी सरपंच, लुटलं गेल्यावर आम्हालाच चोरासारखं वाटत होतं.

पट्टायातली ही चोरी आपल्या लाजेवर चालते, हे माझं स्पष्ट मत झालंय. बीच रोडवर कॅमेरे आहेत, टुरिस्ट पोलिसांचा ११५५ नंबर आहे, कायदा आहे, तरी चालते. कारण टूर चार दिवसांची, पट्टायात दोनच रात्री, तक्रारदार तिसऱ्या दिवशी पसार. आणि गेलेला माणूस घरी सांगणार "समुद्रात पडला". चोराला अजून काय पाहिजे?

हे माझ्या मनाचं नाही. जूननंतर मी दुकानात एक-दोन डीलरांना दाजींची गोष्ट सांगितली, तर पुढच्या महिनाभरात तीन जणांनी शटरच्या आड घेऊन आपापली सांगितली. एकाची चैन, एकाचं ब्रेसलेट, एकाची तर सासऱ्यानं दिलेली अंगठी, हातात हात घेऊन काढलेली. तिघं वेगवेगळ्या कंपनीच्या टूरला, वेगवेगळ्या वर्षी. तक्रार एकाचीही नाही. एकानं बायकोला सांगितलंय चैन मोडून दुकानात भांडवल घातलं. म्हणजे बघा, चोरीचा हिशोबच नाही कुठं, ना तिकडं ना इकडं, आणि पुढच्या फेब्रुवारीत पुढची बॅच गळ्यात जाड चैनी घालून परत त्याच बसमध्ये शिट्ट्या मारणार.

आता दुसरं. ग्रुपमध्ये ज्यांना ज्यांना कळलं त्यातले निम्मे म्हणाले, "ते लोकच तसले." हे मला पटत नाही. आदल्याच दिवशी संध्याकाळी आम्ही कॅबरे शो बघितला, त्यात नाचणाऱ्या बऱ्याचशा याच समाजातल्या, शंभर-शंभर बाट देऊन त्यांच्यासोबत फोटो काढायला हीच मंडळी लाईनीत होती. चोर दोघी होत्या, अख्खा समाज नव्हता. आपल्याकडं मॉर्निंग वॉकला गेलेल्या बाईची पोत गाडीवर आलेली दोन पोरं हिसकावतात तेव्हा "पुरुषांची जातच तसली" असं म्हणतो का कुणी? नाही ना. आणि हिसकावणं आपल्याकडं काय कमी आहे म्हणून जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत त्याला वेगळं ३०४ कलम घालावं लागलं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

कमेंटमध्ये येणारच आहे की सोनं घालून गेलेच कशाला. बरोबर आहे. मूर्खपणा झाला, मान्य. पण मूर्खपणा केला म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही. आणि खरं सांगू का, गळ्यात काही नसलं की आपल्याकडं माणसाला माणूस धरत नाहीत, सोयरीक करायला गेलं तरी आधी गळा बघतात, मग सात-बारा. आक्कानं गोफ घातला तो त्याच धाकानं.

ज्यांना जायचंय त्यांनी जा, मी नको म्हणत नाही, समुद्र चांगला आहे, जेवायला आपल्यासारखं मिळतं. पण सोनं घरी ठेवा. घातल्याशिवाय जमतच नसंल तर मुंबईत विमानतळावर कस्टमकडनं त्याचं सर्टिफिकेट करून घ्या, त्यात वजन-वर्णन येतं, परत येताना पण कटकट नाही. बिलाचा आणि पासपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये पाहिजे, आमचा पासपोर्ट मॅनेजरच्या बॅगेत होता म्हणून सगळं अडलं. इन्शुरन्सवर भरोसा ठेवू नका, आमच्या पॉलिसीत दागिने बसतच नव्हते. आणि गेलंच तर त्याच रात्री लिहून द्या, हसणाऱ्यांना हसू द्या. बस चुकली तर टॅक्सी मिळते. आमच्यातल्या एकानंही त्या रात्री म्हणलं नाही की मी थांबतो दाजीसोबत. मी सुद्धा.

दाजींनी त्या जूनमध्ये सावकाराकडनं पैसे उचलून पेरलं. सप्टेंबरात काय पाऊस झाला ते मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही, सोयाबीन पाण्यात गेलं. रब्बीला परत गोफाची आठवण निघाली. मी माझ्या दुकानातनं हरभऱ्याचं बियाणं दिलं, ते उधार म्हणून लिहिलेलं नाही आणि दाजी रोज विचारतात लिहिलं का.

आबांना अजून काही माहीत नाही. ते फेसबुकवर नाहीत, पण इथं वाचणारे निम्मे जण संध्याकाळी त्यांच्यासोबत पारावर बसतात हे मला माहीत आहे. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं मी गावाकडं चाललोय, मीच सांगतो त्यांना. तेवढं उद्या दहापर्यंत कुणी बोलू नका.